कॅरॅव्हॅन, ब्रेक कंट्रोलर आणि तो डेपोवाला : माझा अनुभव

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही मेलबर्नहून मिल्ड्युरा, ब्रोकन हिल करत साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगेपर्यंत कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन जाऊन आलो. सासूसासरे कराडहून आलेले, दोन मुलं, नवरा आणि मी, अशी सहा माणसं. ट्रिप कशी झाली असं कुणी विचारलं की मी ती भाड्याने दिलेल्या डेपोबद्दलच बोलत सुटते अशी घरात तक्रार आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी एक स्पष्ट करते, टोइंग, म्हणजे व्हॅन मागे ओढत गाडी चालवणं, मी केलं. नवऱ्याला हायवेवर साधी गाडी चालवायचाही कंटाळा येतो. व्हिक्टोरियात साध्या कार लायसन्सवर कॅरॅव्हॅन ओढता येते, वेगळी परीक्षा वगैरे काही नाही. (द्यायला हवी होती असं मला पहिल्या राउंडअबाउटला वाटलं, पण ते असो.)

बुकिंग ऑनलाइन झालं, पाच मिनिटांचं काम. बंक बेड असलेली सहा जणांची व्हॅन, डिपॉझिट भरलं, छान हसऱ्या कुटुंबाचा फोटो असलेली ईमेल आली. आमची गाडी टोयोटा क्लूगर, ती ब्रेक असलेला ट्रेलर २००० किलोपर्यंत ओढते आणि व्हॅन भरून २००० च्या आत, म्हणजे झालं की, असं आम्हाला वाटलं.

मग डेपोतून फोन आला, गाडीत ब्रेक कंट्रोलर आहे ना? तर इथला नियम असा की ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि बहुतेक कॅरॅव्हॅनचे ब्रेक इलेक्ट्रिक असतात, ते चालवायला ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक बटण बसवून घ्यावं लागतं. हे वेबसाइटवर होतं का? होतं, कुठेतरी प्रश्नोत्तरांच्या पानावर अगदी तळाशी. बरं, ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला तर त्याच्याकडे ही रांग, सुट्टीच्या तोंडावर सगळ्यांनाच कंट्रोलर हवा असतो. शेवटी दूरच्या सबर्बातला एक मिळाला आणि तिथे जाऊन बसवून घेतला. पैसे डेपो देत नाही, आपलेच.

कंट्रोलरचा फोटो पाठवला. उत्तर आलं, आता प्लगचा फोटो पाठवा. पाठवला. आमच्या गाडीला गोल सात पिनचा सॉकेट, त्यांच्या व्हॅनला चपटा सात पिनचा प्लग. अॅडॉप्टर आणा. अहो, मग इलेक्ट्रिशियनकडे गाडी होती तेव्हाच सांगितलं असतं तर त्याने तिथेच सॉकेट बदलून दिला असता ना! अॅडॉप्टर आणला. मग म्हणे टोबारवरच्या, म्हणजे गाडीमागे व्हॅन जोडायच्या दांड्यावरच्या, प्लेटचा फोटो पाठवा. ती प्लेट बंपरच्या खाली, चिखलाने भरलेली, मी पावसात जमिनीवर आडवी पडून फोटो काढला. इथे म्हणतात ना की भारतातल्या कचेऱ्यांसारखं काही नसतं, सगळं सिस्टिमॅटिक असतं, तर या डेपोला जाऊन या. एकेका वेळी एकच कागद मागायचा, तो दिला की पुढचा आठवायचा, हे मी तहसीलदार कचेरीत पाहिलंय आणि तिथे निदान बाहेर चहा तरी मिळतो.

आणि प्रत्येक वेळी तिथला माणूस नवऱ्याकडे बघून बोलायचा. प्रश्न मी विचारायची, उत्तर नवऱ्याला. नवरा बिचारा म्हणायचा, तिला सांगा, ती चालवणारे. तो मान हलवायचा आणि परत नवऱ्याला सांगायचा की वळणावर जरा बाहेरून घ्या.

खरा घोळ वजनाचा. हा भाग कुणीच नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. आपण बघतो गाडी किती ओढते तेवढंच. पण कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे टोबारवरच्या गोळ्यावर, टेकलेला असतो, त्याचा जो भार येतो तो साधारण व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत दोनशेच्या जवळ, आणि तो भार गाडीच्या स्वतःच्या वजनात धरतात. गाडीत माणसं, सामान, पेट्रोल आणि हा भार मिळून एका आकड्याच्या वर जाता येत नाही, त्याला जीव्हीएम म्हणतात. आता सहा माणसं बसली की उरलं काय? सासूबाईंच्या दोन बॅगा, कुकर, दहा किलो तांदूळ, कांद्याबटाट्याचं पोतं, आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वाचायला घेतलेली पुस्तकं. मी डेपोत सरळ विचारलं, सहा जणांसकट बसेल का हे? तर म्हणे ती ग्राहकाची जबाबदारी. सहा जणांची व्हॅन तुम्ही भाड्याने देता, सहा जण येणार हे फॉर्मवर लिहून घेता, आणि सहा जण बसले तर गाडीला झेपेल का याचं उत्तर ग्राहकाने शोधायचं. मी लेखी मागितलं. लेखी उत्तरात त्यांच्या नियमांचं पान जोडलेलं, ज्यात लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी. आणि जास्त वजन निघालं तर इन्शुरन्स हात वर करतो, हेही त्याच पानावर.

व्हॅनचंही तसंच. रिकामी असताना १६०० किलो, जास्तीत जास्त २०००. चारशे किलो खूप वाटतात. त्यात पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो तिथेच गेले, गॅसचे दोन सिलिंडर वेगळे, खुर्च्या, ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत), अंथरुणं वेगळी.

शेवटी हातात व्हॅन मिळाली शनिवारी, डेपो दुपारी बंद होणार म्हणून धडाधड सगळं दाखवून सह्या घेतल्या. तिथून आम्ही थेट सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो, ट्रकवाले जातात तो. तिथला माणूस म्हणजे देवमाणूस. आधी गाडी आणि व्हॅन जोडलेली असताना चाकांच्या जोडीजोडीने वजन केलं, मग व्हॅन सोडून एकटी गाडी, सगळे आत बसलेले, सासूबाई धरून. त्या म्हणाल्या, "अगं, मलापण तोलणार का?" एका कागदावर सगळे आकडे लिहून मलाच समजावले, मलाच, नवऱ्याला नाही. गाडी मागून जड होती. मग तिथेच कडेला सामानाची उलथापालथ, तांदूळ, पोतं, कुकर व्हॅनमध्ये बरोब्बर चाकांच्या वरच्या कपाटात. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवायच्या नाहीत, नाहीतर व्हॅन हायवेवर शेपूट हलवायला लागते. एक पाण्याची टाकी रिकामी केली, कारण मिल्ड्युरापर्यंत सगळीकडे नळ आहेत. परत काट्यावर घेतली, बसलं आकड्यात. जे डेपोला इतके दिवस जमलं नाही ते या माणसाने किरकोळ पैशात आणि चहाच्या वेळात केलं. तुम्ही जाणार असाल तर आधी वजनकाटा शोधा, मग कॅरॅव्हॅन.

शेपूट हलायला लागलीच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरचं हाताचं बटण हलकेच दाबायचं, म्हणजे फक्त व्हॅनचे ब्रेक लागतात आणि ती सरळ होते. हे मला यूट्यूबवर कळलं, डेपोत नाही.

हां, चाकांचे नट. निघाल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत थांबून परत आवळायचे. आम्ही आवळले, दोन सैल होते.

सासूबाईंना वाटत होतं की त्या मागे व्हॅनमध्ये आडव्या होतील, पाठ दुखते म्हणून. व्हॅन चालत असताना आत कुणीही बसायचं नाही, कायद्याने बंदी आहे. त्यांनी हे मनावर घेतलं आणि मिल्ड्युरापर्यंत बोलल्या नाहीत. वेंटवर्थला मात्र सगळं निवळलं. तिथे मरे आणि डार्लिंग नद्या मिळतात, दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात, बाबा बराच वेळ कठड्याला धरून उभे होते, म्हणाले कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात, या आपल्या शेजारून येऊन मिसळल्या.

वेंटवर्थ सोडताना टाकी पूर्ण भरा. ब्रोकन हिलपर्यंत अडीचशेच्या वर किलोमीटर आहेत, लाल माती, खुरटं बुश, एमू, आणि कॅरॅव्हॅन मागे असली की पेट्रोल दुपटीच्या आसपास जातं. संध्याकाळी गाडी चालवायची नाही, कांगारू नेमके तेव्हाच रस्त्यावर येतात. आणि ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं, अर्धा तास मागे, कॅरॅव्हॅन पार्कच्या ऑफिसची वेळ त्याने धरा.

ब्रोकन हिलला मी ठेचा केला. हौस म्हणून नाही. पुढे बॅरियर हायवेवर ऊडला विरा नावाच्या जागी साउथ ऑस्ट्रेलियाचं क्वारंटाइन स्टेशन आहे, फ्रूट फ्लायमुळे (फळमाशी) ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या पुढे नेऊ देत नाहीत, फ्रिज उघडून बघतात आणि सापडलं तर दंड. शिजवलेलं चालतं. मग पाव किलो हिरव्या मिरच्यांचा भाजून ठेचा, टोमॅटोचं सार, केळी मुलांना सक्तीने खायला घातली, लिंबं शेजारच्या तंबूतल्या आजोबांना. स्टेशनवरच्या बाईंनी ठेच्याचा डबा उघडला, वास घेतला आणि चटकन झाकण लावून परत दिला.

फोडणी व्हॅनच्या आत देऊ नका. स्मोक अलार्म वाजतो आणि तो छतात असा बसवलेला असतो की उडी मारून टॉवेल हलवावा लागतो. बाहेरच्या स्टोव्हवर द्या. टॉयलेटच्या कॅसेटचं काय, ती डंप पॉइंटवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, नेऊन रिकामी करायची असते, ते काम नवऱ्याचं होतं आणि मी त्याबद्दल काहीही लिहिणार नाही.

फ्लिंडर्समध्ये ऑरूरू, कॅरिटन, हॉकर आणि तिथून विल्पीना पाउंड (डोंगरांनी वेढलेली परातीसारखी जागा), सगळा डांबरी रस्ता, व्हॅन मजेत जाते. ब्रॅकिना गॉर्ज कच्चा आहे, तिथे व्हॅन कॅम्पवर ठेवून गाडी घेऊन गेलो, तेही नदीचं पात्र कोरडं आहे याची चौकशी करून. भाड्याच्या व्हॅनला कच्च्या रस्त्यावर बहुतेक वेळा इन्शुरन्स नसतो, कॉन्ट्रॅक्ट वाचा. पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, दिसले, दगडाच्याच रंगाचे, मुलाला आधी दिसले. तिथल्या दगडांवरून पृथ्वीच्या इतिहासातला एक कालखंडच ठरवलाय, एडियाकरन, २००४ साली, त्याची धातूची खूण तिथे दगडात बसवलेली आहे. सेंट मेरी पीकच्या माथ्यावर आम्ही गेलो नाही, ती तिथल्या मूळ रहिवासी अड्न्यामथन्हा लोकांची पवित्र जागा आहे आणि शिखरावर चढू नये अशी त्यांची विनंती आहे. वांगारा लुकआउटपर्यंत गेलो, तिथून पाउंडची आतली परात पूर्ण दिसते, सासूबाई पण आल्या, हळूहळू.

रिव्हर्स. सुरुवातीला बुकिंग करतानाच ड्राइव्ह थ्रू साइट मागा, मागे घ्यावीच लागत नाही. पण एके ठिकाणी घ्यावीच लागली, आणि कॅरॅव्हॅन पार्कमध्ये संध्याकाळी सगळ्यांना खुर्च्या टाकून हेच बघायचं असतं. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि व्हॅन जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा, एवढंच. निघण्याआधी बंद दुकानांच्या पार्किंगमध्ये सराव केला होता. एका झटक्यात लागली. समोरच्या माणसाने नवऱ्याला अंगठा दाखवला.

परत देताना व्हिडिओ काढा, आतून बाहेरून, कपाटं उघडून, फ्रिज उघडून. आम्ही काढला होता म्हणून बरं, कारण बॉन्डमधून, म्हणजे परत मिळायच्या अनामत रकमेतून, त्यांनी पैसे कापले, कारण काय तर आत मसाल्याचा वास आहे, खास सफाई लागेल. फोडणी सगळी बाहेर दिली होती आम्ही! मी लेखी कळवलंय की कॉन्ट्रॅक्टमधलं कुठलं कलम ते दाखवा. त्यावर उत्तर आलं, नवऱ्याच्या नावाने.