दोन सूट आणि शेवटचे पन्नास मीटर

पोहणारी एकच, अंतर २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखी लाथ मारून पोहायचा प्रकार. एका सूटमध्ये वेळ लागली २:४७.४, दुसऱ्यात २:४७.३. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाचा फरकसुद्धा याहून जास्त असतो. तरी या दोन पोहण्यांमध्ये पाण्याखाली जे दिसलं ते इतकं वेगळं होतं, की त्यावरून दिलेला सल्ला अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तिची प्रशिक्षक, मुलगी पंधरा वर्षांची. मुख्य इव्हेंट २०० ब्रेस्ट, जोडीला १०० ब्रेस्ट आणि २०० आयएम, म्हणजे चारही प्रकार एकाच शर्यतीत. राज्य स्पर्धा जवळ आली होती आणि घरच्यांनी यंदा एक चांगला रेसिंग सूट घ्यायचं ठरवलं होतं. वरच्या दर्जाचा नीस्किन, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा सूट, आपल्याकडे तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो. एकदा अंगात घातला की दुकानदार परत घेत नाही. आई म्हणाली, "मॅम, तुम्ही सांगाल तो घेऊ, पण एकदाच घेऊ." एवढी रक्कम नुसत्या रंगावर आणि जाहिरातीवर उधळू द्यायला माझं मन तयार होईना. दोन सीनियर मुलींकडून तिच्या मापाचे दोन सूट मागून आणले. दोन्ही उघड्या पाठीचे होते, कारण एकाची पाठ बंद आणि दुसऱ्याची उघडी असती तर खांद्यांच्या हालचालीचा फरक मध्ये घुसला असता.

त्या दोन सूटच्या कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. फरक कंपनीचा नव्हता, सूटच्या जातीचा होता, आणि या दोन्ही जाती एकाच कंपनीकडे मिळतात. मिझुनोच्या जीएक्स सोनिकमध्ये एसटी हा स्प्रिंटरसाठी, म्हणजे कमी अंतरवाल्यांसाठी, घट्ट आणि एमआर हा अनेक इव्हेंटवाल्यांसाठी मोकळा. स्पीडोच्या एलझेडआर मालिकेत प्युअर इंटेंट जास्त आवळणारा, प्युअर व्हॅलर हलका आणि लवचीक. अरीनाच्या कार्बन सूटमध्ये कापडातच कार्बनचे धागे असतात. हे धागे फारसे ताणत नाहीत, त्यामुळे कापड एका मर्यादेपर्यंत सहज येतं आणि मग तिथेच धरून ठेवतं. त्यातला कार्बन एअर-टू त्यातल्या त्यात लवचीक. दुकानात "अरीना चांगला की स्पीडो?" असं विचारणाऱ्याला खरं तर विचारायचं असतं, "माझ्या इव्हेंटला आवळणारा हवा की ताणणारा?" हा प्रश्न गिऱ्हाइकाला सुचवणारा विक्रेता मला फार क्वचित भेटला आहे.

हे सगळे सूट मागावरच्या कापडाचे असतात, उभ्या-आडव्या धाग्यांचे. रोजच्या सरावाचा कॉस्च्यूम असतो होजिअरीचा. होजिअरी पाणी पिते, मऊ पडते, महिन्या-दोन महिन्यांत सैल होते. मागावरचं कापड पातळ असतं, कमी ताणतं, वरून पाणी न धरण्याची प्रक्रिया केलेली असते, आणि तुकडे सुई-दोऱ्याने न शिवता उष्णतेने चिकटवलेले असतात. ही चिकटवलेली शिवणच सूटचं बळ, आणि फाटायची जागाही तीच.

"जितका तंग तितका वेगवान" ही समजूत पालकांमध्ये पक्की आहे, आणि तिचं मूळ २००८-०९ मध्ये आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला. त्याच्या चाचण्यांना नासाची मदत होती. पॉलियुरेथेनचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, पट्टे अंगाला आवळत आणि शरीर पाण्यात वर धरत. पुढच्या वर्षी तर पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आले. रोमच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पॉल बीडरमनने तिथे २०० फ्रीस्टाइलमध्ये १:४२.०० लावून फेल्प्सला मागे टाकलं आणि तो विक्रम पंधरा वर्षांनंतरही उभा होता. १ जानेवारी २०१० पासून नियम बदलले. आता सूट कापडाचाच हवा. जाडी ०.८ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कापडातून हवा आरपार जायलाच हवी, चेन नको. मुलग्यांचा सूट बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. म्हणजे तरंगवणारा सूट इतिहासजमा झाला. आजचा सूट तरंगवत नाही. तो फक्त कंबर-मांड्या बांधून शरीराची रेषा सरळ ठेवायला मदत करतो आणि पाणी कमी धरतो. हे समजावून सांगितलं तरी "मग एक नंबर लहानच घेऊ ना?" हे येतंच.

तर चाचणी. एकाच दिवशी दोनदा २०० पोहायला लावलं असतं तर दुसऱ्या सूटवर अन्याय झाला असता, म्हणून दोन सकाळी घेतल्या, मध्ये हलक्या सरावाचा एक दिवस. वेळ तीच, लेन तीच, वॉर्मअप तोच. वॉर्मअप जुन्या कॉस्च्यूममध्ये, मग अंग पूर्ण कोरडं करून सूट. आकड्यांची लांबलचक माळ मांडून बसायचं नव्हतं, म्हणून चारच गोष्टी पाहायच्या ठरवल्या: भिंतीवरून ढकलून लाथ न मारता शरीर कुठवर जातं, प्रत्येक पन्नासची वेळ, प्रत्येक पन्नासला किती स्ट्रोक, आणि बाजूने पाण्याखाली घेतलेला व्हिडिओ. फोन वॉटरप्रूफ पिशवीत घालून एक सीनियर मुलगी शेजारच्या लेनमध्ये थांबली होती.

घट्ट सूटमध्ये पन्नासच्या वेळा अशा: ३७.१, ४१.६, ४३.५, ४५.२. लवचीक सूटमध्ये: ३७.९, ४२.०, ४३.२, ४४.२. पहिल्या शंभरात घट्ट सूटने १.२ सेकंद वाचवले, दुसऱ्या शंभरात १.३ गमावले.

स्ट्रोकचे आकडे जास्त बोलके होते. घट्ट सूटमध्ये १९, २२, २४, २७. लवचीकमध्ये १९, २१, २३, २४. पहिल्या पन्नासला दोन्हीकडे १९, आणि शेवटच्या पन्नासला तीन स्ट्रोकचा फरक.

कारण व्हिडिओत दिसलं. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ टाचांवर चालते. टाचा बसकणीजवळ आल्या, पावलं बाहेर वळली, की मगच पायाला पाणी सापडतं. त्यासाठी मांडी कमरेत वाकावी लागते, आणि नेमकं तिथेच घट्ट कापड उलटं ओढतं. पहिल्या शंभरात मांडी वाकवणारे स्नायू ताजे असतात, ते कापडाला पुरून उरतात. शेवटच्या पन्नासला तिची टाच बसकणीपासून वीतभर लांबच थांबत होती. पाय अर्ध्यातून परत फिरला की पाणी अर्धंच सापडतं, मग वेग टिकवायला ती हात भराभर मारते, स्ट्रोक वाढतात, ग्लाइड, म्हणजे लाथेनंतर ताठ शरीराने पुढे सरकणं, आखूड होतो. लवचीक सूटमध्ये शेवटच्या लाथेतसुद्धा टाच चार बोटांवर येत होती.

ग्लाइडमध्ये मात्र घट्ट सूट निर्विवाद पुढे होता. भिंतीवरून ढकलल्यावर तिची कंबर खाली बसत नव्हती आणि पुलआउटनंतर, म्हणजे भिंतीवरून निघाल्यावर पाण्याखाली मारायच्या लांब ओढीनंतर, डोकं वर येताना ती हातभर पुढे निघायची. तिलाही ते कळत होतं. "मॅम, यात मी पाण्यावर असल्यासारखी वाटते," ती म्हणाली. हे वाटणं फुकटचं नसतं. स्टार्टिंग ब्लॉकवर उभी असताना मुलीला आपण वेगवान आहोत असं वाटत असेल, तर त्याचं काहीतरी मोल आहेच.

माप कसं पाहायचं ते इथेच सांगते, कारण निम्मे पैसे मापात वाया जातात. मुलींच्या सूटला कंबरेपेक्षा धडाची लांबी महत्त्वाची: खांद्यावरून पुढून दोन पायांमधून पाठीमागून पुन्हा त्याच खांद्यावर आलेला टेप. धड लांब आणि सूट आखूड असेल तर पट्टे खांद्यात रुततात आणि स्ट्रीमलाइन, म्हणजे शरीराची सरळ रेषा, मोडते. सूट लांब असेल तर पाठीच्या खोबणीत फुगा राहतो आणि डाइव्ह मारताच गळ्यातून पाणी शिरतं. घालून झाल्यावर हात डोक्यावर बांधायला लावा, मग ब्लॉकवरच्यासारखं वाकायला लावा. गुडघ्यावरची पट्टी वाटीच्या वर दोन-तीन बोटं हवी. पाय काळानिळा पडत असेल तर माप लहान आहे, "सैल होईल" म्हणून घेऊ नका. आणि एका कंपनीचा २४ नंबर दुसऱ्या कंपनीच्या २४ सारखा नसतो.

घालायला वीस मिनिटं धरा, पहिल्यांदा असेल तर अर्धा तास. अंग कोरडं, तेल-क्रीम काही नाही. नखं कापून घासलेली, शक्यतो सुती हातमोजे. पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवली की पट्टी टाचेवरून सरकते, मग पिशवी काढायची. दोन्ही पाय आधी मांडीपर्यंत, तिथे शिवणी सरळ करून घ्यायच्या. पुढे कापडाच्या बारीक चुण्या बोटांच्या पेरांनी धरून वर सरकवायच्या, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. काठाला धरून हिसका दिला की दोन पायांमध्ये जिथे चार तुकडे भेटतात तिथली शिवण उघडते, आणि चिकटपट्टी लावून पोहता येत नाही. पट्टे सगळ्यात शेवटी, रेसच्या थोडं आधी. पावसाळ्यात, ओल्या फरशीच्या, एकच बाक असलेल्या चेंजिंग रूममध्ये हे सगळं करायचं म्हणजे घामाने कापड कातडीला चिकटतं. आपल्या कित्येक टँकवर मुलींना सूट घालायला कोरडी जागा नाही, आणि आयोजकांच्या यादीत हा विषय येतच नाही, याचा मला मनापासून राग येतो. रेसआधी मुलींना जमवतात त्या कॉल रूममध्ये सूटच्या मागच्या बाजूचं जागतिक जलतरण संघटनेच्या मंजुरीचं चौकोनी लेबल तपासतात, ते योग्यच आहे. पण ही तपासणी मुली वॉर्मअपला येतात तेव्हा झाली तर ऐन रेसच्या तोंडावर कुणाचा धीर सुटणार नाही.

रेसनंतर सूट लगेच काढायचा, साध्या थंड पाण्यातून काढायचा, पिळायचा नाही, सावलीत आडवा वाळवायचा. पाणी न धरण्याचा गुण मोजक्याच रेस टिकतो, म्हणून जिल्ह्याच्या हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीला, जुना सूट, राज्याच्या फायनलला नवा.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना असे सूट घ्यायला लावणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत. अमेरिकेत १ सप्टेंबर २०२० पासून बारा वर्षं आणि त्याखालच्यांना चिकटवलेल्या शिवणींचे, तसंच मागावरच्या कापडाचे नितंबांच्या खाली जाणारे सूट बहुतेक स्पर्धांत चालत नाहीत. त्या वयात टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं, सुधारला तर सूटपेक्षा जास्त वेळ वाचतो, आणि तो फुकट सुधारतो.

मी लवचीक सूट सुचवला. मुख्य इव्हेंट २०० आणि सूट एकच, म्हणजे शेवटचं पन्नास ज्यात टिकतं तो. राज्य स्पर्धेच्या फायनलला ती ३७.५, ४१.४, ४२.७, ४३.३ अशी पोहली. २:४४.९, तिची आजवरची सर्वोत्तम वेळ. शंभरला ती दुसरी आलेल्या मुलीच्या १.६ सेकंद मागे होती, शेवटच्या भिंतीला ०.४. तिसरी आली.

बाहेर आल्यावर एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाले, "तंग सूट असता तर दुसरी होती." त्यांनी पहिलं शंभर पाहिलं होतं. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी फोनवर तिने तेच विचारलं, फार जपून: "मॅम, तो दुसरा असता तर सुरुवातीला तेवढं अंतर पडलं नसतं ना?"

पडलं नसतं, बहुतेक. पण शेवटच्या शंभरात तिने जे भरून काढलं, तेही भरलं नसतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि फायनल एकदाच पोहता येते. शिवाय स्पर्धेआधी टेपर झालेला असतो, म्हणजे सराव कमी करत आणलेला असतो, पाय ताजे असतात. कदाचित टेपर झालेले पाय घट्ट कापडाला दोनशे मीटरपर्यंत पुरून उरले असते. चाचणी आम्ही भर सरावात घेतली होती, आणि कुठलाही क्लब प्रत्येक सूटसाठी एक टेपर खर्च करू शकत नाही.

तो व्हिडिओ पुन्हा पाहताना मला दुसरीच गोष्ट दिसते. टाचेला अडवलं ते कापडाच्या जातीने की मापाने? त्या वेळी घट्ट जातीचा २४ नंबरच हाती आला होता. त्याच जातीच्या २६ नंबरमध्ये कंबर कदाचित तितकीच वर राहील आणि मांडी मोकळी वाकेल. तसं असेल तर "आवळणारा की ताणणारा" हा माझा प्रश्नच अर्धा आहे. एका सीनियर मुलीचा २६ नंबर पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. सकाळची तीच वेळ, तीच लेन, आणि पहिलं शंभर ठरवलेल्या वेळेतच, म्हणजे सुरुवातीचा जोर मध्ये येणार नाही. मी वेळ शेवटी पाहीन. आधी पाहीन ती शेवटच्या पन्नासमधली टाच, आणि तिथे स्ट्रोक २५ च्या आत राहतात का ते.