चेस्टरमध्ये रेषा सरळ करा, मॉर्टनमध्ये नको

काळ्या लाकडाच्या पट्ट्या, मधे पांढरा गिलावा आणि वर उतरतं छप्पर असलेली घरं टिपायची असतील तर इंग्लंडमधलं चेशायर गाठावं. मात्र चेस्टर शहरात डोळ्यांत भरणारी बरीचशी घरं ट्यूडर, म्हणजे त्या राजघराण्याच्या काळातली, नाहीतच. ट्यूडर राजवट 1485 ते 1603 ची आणि ही घरं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, जुन्या थाटाची हौस म्हणून बांधलेली. काही जण हे कळल्यावर नाक मुरडतात. मला ती फोटोसाठी आवडतात. फक्त आपण काय टिपतोय हे माहीत हवं, कारण फोटो काढायची पद्धत त्यावर ठरते.

आम्ही मँचेस्टरहून रेल्वेने गेलो, साधारण तासाभराचा प्रवास. लंडनच्या यूस्टनहून दोन तासांच्या आसपास लागतात. चेस्टर स्टेशनपासून ‘द क्रॉस’ हा मुख्य चौक चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सकाळी लवकर पोचा, दुकानं उघडल्यावर रस्ता माणसांनी भरतो.

चौकातल्या रस्त्यांची मांडणी मूळ रोमन छावणीची, साधारण चार दिशांना धरून, त्यामुळे उन्हाचा हिशोब सोपा जातो. ईस्टगेट स्ट्रीट पूर्व-पश्चिम असल्याने त्याच्या उत्तर बाजूच्या घरांवर ऊन पडतं आणि दक्षिण बाजू सावलीत राहते. सकाळी तटबंदीवर चढून ईस्टगेट या वेशीवरच्या घड्याळाखाली उभं राहायचं. सूर्य पाठीशी आणि रस्ता पायाखाली. हे घड्याळ राणीच्या 1897 च्या हीरक महोत्सवासाठीचं, आराखडा जॉन डग्लस या वास्तुविशारदाचा. याच डग्लसची सेंट वरबर्ग स्ट्रीटच्या पूर्व बाजूची 1890 च्या दशकातली घरांची रांग मला शहरात सगळ्यात सरस वाटली. तिचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून तिथे दुपारनंतर जा. चौकाच्या कोपऱ्यावरची 1888 ची इमारत टी. एम. लॉकवुड या वास्तुविशारदाची. तिचा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढालच.

उंच इमारत खालून टिपली की ती मागे कलल्यासारखी दिसते, ही नेहमीची अडचण. तिच्यावरचा उपाय चेस्टरनेच करून ठेवलाय. इथल्या ‘रोज’ (Rows) म्हणजे पहिल्या मजल्यावरून जाणाऱ्या छताखालच्या वाटा. त्यांचा उगम मध्ययुगातला आणि आजही त्यांवर दुकानं आहेत. जिना चढून कठड्याशी उभं राहिलं की समोरच्या घराचा मधला भाग डोळ्यांच्या पातळीत येतो. कॅमेरा वर-खाली न कलवता सरळ धरला की खांब ताठ येतात, संगणकावर ओढाताण करावी लागत नाही. 24 ते 35 मिमीची लेन्स पुरते. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर सरकवता येणारी लेन्स, असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

वॉटरगेट स्ट्रीटवर ‘गॉड्स प्रॉव्हिडन्स हाउस’ आहे. त्यावर 1652 साल कोरलंय, पण घर 1862 मध्ये पुन्हा बांधलेलं. रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे 1591 चा स्टॅनली पॅलेस आहे, तो खरा ट्यूडर. तिथवर फारसं कोणी जात नाही.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याबद्दल, एवढंच की ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. कडक उन्हात पांढरा गिलावा फटफटतो आणि काळ्या लाकडावरचं कोरीवकाम बुडून जातं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि उजेड पांढऱ्याला धरून मोजा. काळं नंतर उजळता येतं. हा काळा रंगही बहुतेक ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली आवड आहे. मुळात ओक तसाच सोडत, तो करडा पडे.

दुसऱ्या दिवशी लिटल मॉर्टन हॉल हे खरं ट्यूडर घर. काँगल्टनच्या नैर्ऋत्येला, ए-34 रस्त्यालगत, चहूबाजूंनी पाण्याचा खंदक. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची शंभरेक वर्षं हे घर टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. भिंती म्हणजे ओकचा सांगाडा आणि मधे आपल्या कोकणातल्यासारखा कूड. लाकडं एकमेकांत अडकवून त्यांतून खुंट्या ठोकलेल्या. ओक ओलाच वापरत, तो जागेवर वाळताना वळायचा. त्यात सगळ्यात वर एक लांबलचक दालन चढवलं आणि त्यावर दगडी फरशांचं छप्पर. त्या भाराने खालचे मजले वाकलेत. माझा मावसभाऊ स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो खंदकापलीकडे उभा राहून म्हणाला, “ताई, हे माझ्याकडे मंजुरीला आलं असतं तर मी सही केली नसती.”

इथे सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ बटण दाबू नका. ते वाकड्या खांबांना सरळ करायला जातं आणि घराचा जीवच काढून घेतं. कॅमेऱ्यातली लेव्हल लावा, खंदकाचं पाणी आडवं ठेवा आणि घर जसं झुकलंय तसं राहू द्या. दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे, त्यामुळे ऊन असेल तर तिच्यावर असतंच. प्रतिबिंबासाठी मात्र वारा पडलेला हवा.

आतल्या चौकात जागा अरुंद आहे, रुंद लेन्स लागते. पण लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्सही न्या. वरच्या खिडक्यांवर विल्यम मॉर्टनने त्या बनवून घेतल्याचं 1559 साल रोमन आकड्यांत कोरलंय आणि सुतार रिचर्ड डेलने स्वतःचंही नाव घातलंय. घरमालकाच्या ओळीत सुताराचं नाव, मला तर तो कोपरा सोडवेना.

घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं आहे, सभासदांना तिकीट लागत नाही. आत फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवायची तयारी ठेवा. फोटो विकायचे असतील तर आधी परवानगी घ्या. वर्षभर रोज उघडं नसतं, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार बघा. चेस्टरहून गाडीने तासभर. रेल्वेने यायचं तर क्रू (Crewe) स्थानकात गाडी बदलून किड्सग्रोव्हला उतरावं लागतं. तिथून घर तीनेक मैल आहे. टॅक्सी आधी ठरवा, आणि परतीचीही त्याच वेळी सांगून ठेवा.