कोलीताचा वास

आमच्याकडे हॉटेल म्हणजे जिथे चहा, भजी आणि शेवभाजी मिळते ती जागा. झोपायला लॉज असतो. त्यामुळे एक माणूस रात्री हॉटेलात थांबला आणि मग त्याला तिथून निघताच आलं नाही, हे ऐकल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की मालकाने त्याला बाकड्यावर झोपू दिलंच कसं?

गाणं होतं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. साल १९९३, मी अकरावीत, गाव यावल तालुक्यातलं. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला आतेभाऊ दिवाळीत एक कॅसेट घेऊन आला होता. दुकानातून भरून आणलेली, वर निळ्या शाईने फक्त ‘इंग्लिश’ असं लिहिलेलं. जाताना ती विसरून गेला. की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर नुसती गिटार वाजते, मग तो माणूस गायला लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो काय म्हणतोय यातलं एक अक्षर कळलं नाही आणि तरीही अंगावर काटा आला. नुसता काटा येऊन भागत नाही, अर्थ लागला पाहिजे, ही सवय आम्हाला शाळेने लावली होती. कविता म्हटली की मध्यवर्ती कल्पना, ती सांगता आली की पाच मार्क.

खरं म्हणजे शब्दार्थांची गंमत आम्ही उलट्या बाजूनेही पाहिली होती. बहिणाबाई चौधरी तापीपलीकडच्या आसोद्याच्या. त्यांची कविता पुस्तकात आली की खाली कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असत, आणि ते शब्द आमच्या घरात दिवसभर चुलीपाशी, गोठ्यात पडलेले असत. अर्थच जास्त कठीण वाटायचे. आता पहिल्यांदाच आम्ही कवितेच्या पलीकडच्या बाजूला उभे होतो आणि खाली शब्दार्थ द्यायला कोणी नव्हतं.

म्हणून मी आणि शेजारचा मित्र दोनशे पानी वही घेऊन बसलो. त्याला दहावीला इंग्रजीत ७१ मार्क होते, म्हणून ऐकायचं त्याने आणि लिहायचं मी. एक ओळ ऐकायची, बटण दाबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. हायवे कळला. वारा कळला. आणि गाणं जेमतेम सुरू होतंय न होतंय तोच गाडी अडली. कसलातरी ऊबदार वास हवेत वर चढतो, एवढं लागलं. पण कसला? मित्राने आठ वेळा ऐकलं आणि नवव्यांदा शांतपणे म्हणाला, “लिही. कोलीतास.”

“कोलीत? आपलं कोलीत?”

“मंग? लूट हा शब्द इंग्रजीत गेलाच ना आपल्याकडून. तसं कोलीत गेलं असन.”

मी लिहिलं. स, ला, ते ही चतुर्थी, तिचं इंग्रजीत काय काम, हे विचारायचं धाडस ७१ मार्कांपुढे झालं नाही. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते त्या दिवशी शब्दशः घडलं.

पण गंमत पुढेच आहे. एकदा कोलीत सापडल्यावर सगळं गाणं उलगडत गेलं. रात्री, गावाबाहेर, जळत्या कोलीताचा वास कुठे येतो? भरीत पार्टीत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिवाळ्यात बामणोदची हिरवी-पांढरी वांगी आणायची, शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची. काड्यांचा धूर वांग्यात मुरतो, ती चव गॅसवर भाजून येत नाही. येते असं सांगणारे लोक भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही. मग हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, तेल, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

आता हे डोक्यात ठेवून गाणं ऐका. लांबून दिवा लुकलुकतो: शेतातला बल्ब. दारात एक बाई उभी: मालकीणबाई, पाहुण्यांची वाट पाहतेय. अंगणात लोक नाचताहेत, घामाघूम झालेत: जाळाशेजारी नाचलं तर थंडीतही घाम येणारच. सगळे पंगतीला जमतात. आणि मग ती भयंकर ओळ, लोक पोलादी सुऱ्या खुपसताहेत पण ते जनावर काही मरत नाही. मित्राने वहीत त्यासमोर कंसात लिहिलं: ‘वांगे’. भाजण्याआधी वांग्याला सुरीने टोचे मारावे लागतात, नाहीतर जाळात फुटतं, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. छतावरचे आरसे आणि बर्फातली गुलाबी शॅम्पेन तेवढी बसेना. शॅम्पेनला आम्ही रासबेरी सोडा समजून पुढे गेलो. आरसे सोडून दिले. प्रत्येक टीकाकार काहीतरी सोडूनच देतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

कॉलेजात आणखीही बरंच कळलं. मित्रांच्या खोल्यांवर या गाण्याचे अर्थ सिगारेटीसारखे फिरत. कोणी म्हणे, हे वेड्यांच्या इस्पितळाबद्दल आहे. कोणी म्हणे, व्यसनाबद्दल. एक जण अगदी आवाज खाली आणून सांगायचा, की हे सैतानाच्या पूजेचं गाणं आहे आणि रेकॉर्डच्या आतल्या फोटोत वरच्या गॅलरीत तो स्वतः उभा आहे. आमच्यापैकी कोणीही ती रेकॉर्ड पाहिलेली नव्हती. मी माझा भरिताचा अर्थ तिथे सांगितला नाही. भ्यायलो.

खरी माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. ईगल्स नावाच्या बँडचा हा अल्बम डिसेंबर १९७६मध्ये आला. चाल आधी तयार झाली, शब्द नंतर. डॉन फेल्डर या गिटारवाल्याने समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात ती चाल टेपवर भरली आणि बाकीच्यांना कॅसेट दिली. तेव्हा तिला नावसुद्धा हॉटेलचं नव्हतं, ‘मेक्सिकन रेगे’ म्हणत. म्हणजे आमच्यासारखीच त्यांनाही आधी कॅसेट मिळाली होती आणि अर्थ मागाहून बसवायचा होता! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. शब्द मुख्यतः डॉन हेन्लीचे, तोच ड्रम वाजवतो आणि तोच गातो. त्याने नंतर सांगितलं, की हा भाबडेपणाकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास आहे. अमेरिकेतल्या चैनीची आणि अतिरेकाची काळी बाजू त्यात आहे. मुखपृष्ठावरचं हॉटेल बेव्हर्ली हिल्समधलं. आणि बँडमधल्या त्या पाच जणांपैकी मूळचा कॅलिफोर्नियाचा एकही नव्हता. टेक्सास, नेब्रास्का, मिशिगन असे कुठून कुठून आलेले. आमच्याकडची मुलं पुण्याला जाऊन पहिल्या महिन्यात घरी जे फोन करतात, ते आठवा. तसाच हा फोन, फक्त साडेसहा मिनिटांचा आणि चालीत.

त्या पोलादी सुऱ्यांचंही कळलं. मूळ ओळीत पोलादीला शब्द आहे ‘स्टीली’. स्टीली डॅन नावाच्या दुसऱ्या एका बँडला त्यात डोळा मारलाय म्हणे. वांगं गेलं.

वाइनची गोष्ट मात्र मला फार आवडते. गाण्यातला पाहुणा वाइन मागतो, आणि हॉटेलवाला सांगतो की ते स्पिरिट आमच्याकडे १९६९पासून नाही. एका पत्रकाराने हेन्लीला थेट विचारलं, वाइन आंबवतात, स्पिरिट गाळतात, मग वाइनला स्पिरिट कसं म्हणता? हेन्ली वैतागला. अहो, ते रूपक आहे, दारूशी त्याचा संबंध नाही. मला दोघांचंही पटतं. सातपुड्याच्या पायथ्याला ताडी आणि मोहाची यांतला फरक विचारला तर कोणीही हसून सांगेल, पण म्हणून कोणी गाण्याची भट्टी तपासायला बसणार नाही.

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी या बाबतीत हुशार. पारशी घरातला, पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा माणूस. १९७५ साली त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ केलं, त्यात गॅलिलिओला हाका मारल्या, मध्येच बिस्मिल्ला म्हटलं, आणि अर्थ विचारला की विषय बदलला. शेवटपर्यंत. आमच्या आईचंही तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बायका जी गाणी म्हणतात, त्यातल्या काही शब्दांचा अर्थ मी तिला एकदा विचारला. ती म्हणाली, “गानं हाये ते. हिसाब थोडीच हाये?”

राहता राहिला कोलीतास. तो शब्द स्पॅनिश आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्याचा अर्थ चिमुकली शेपटं, आणि मेक्सिकोकडच्या बोलीत गांजाच्या झाडाचा शेंड्याकडचा फुलोरा. क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं, की शिरपूरकडे तूर-कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, अशी बातमी वर्षाआड पेपरात असतेच. म्हणजे अर्थ बदलला तरी गाणं धुळे-जळगावच्या हद्दीतून बाहेर गेलंच नव्हतं.

या गाण्याबद्दल मी सगळ्यात चांगलं बोलणं ऐकलं ते मामाकडून. मामा केळीची गाडी चालवायचे, रावेरहून थेट दिल्लीपर्यंत. केळी कोणासाठी थांबत नाहीत, पिकत जातात, त्यामुळे झोप ही वस्तू त्यांच्याकडे नेहमी उधार असायची. एकदा अंगणात खाटेवर पडलेले असताना मी त्यांना गाण्याचा अर्थ ओळीओळीने सांगितला. रूपक, अमेरिका, भाबडेपणा सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“हे तं समदं बराबर हाये,” ते म्हणाले. “रातचा हायवे, डोये जड झालेले, लांब दिवा दिसू राहिला. थांबला नाही तं गाडी झाडाले जाईन. याच्यात इचारासारखं काय हाये भो?”

“आणि शेवट? हिशोब करून केव्हाही मोकळा हो, पण इथून जाता येणार नाही, असं कसं?”

मामांनी एक डोळा उघडला. “मांगची उधारी असन.”

गेल्या पौषात मित्राच्या शेतात भरीत होतं. ७१ मार्कवाला आता ठिबकच्या नळ्यांचा धंदा करतो आणि त्याची मुलगी बारावीला आहे. तिने गिटार आणली होती. तिने ती सुरुवातीची धून वाजवली तेव्हा आम्ही दोघे जाळापाशी एकदम गप्प झालो. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, “पप्पा, यात तो वास कसला आहे माहितीये? गांजाचा. मी वाचलंय.”

“कोलीताचा हाये,” मित्र म्हणाला, आणि काडीने निखारे ओढले.

“काहीही काय!”

“काकाले विचार. वहीत लिहून ठेवलंय त्याने.”

ती माझ्याकडे बघायला लागली. वही कुठे गेली हे मला खरंच माहीत नाही, पण मी मान डोलावली. चतुर्थी आहे, म्हणालो. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात जाळातून फाट्कन आवाज झाला आणि तिघेही मागे सरकलो. बोलण्याच्या नादात एका वांग्याला टोचे मारायचे राहून गेले होते.