तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फचा हा जुना ड्रायव्हर अजून कशासाठी?

बेळगावच्या गोल्फच्या मैदानावर पहिल्या 'टी'पाशी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपाशी, उभे राहून मी पिशवीतून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा दांडा, बाहेर काढला, की बरोबरच्या तिघांपैकी एकाची तरी नजर त्याच्या लहानशा डोक्यावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या भागावर, खिळते आणि प्रश्न येतो, "हा अजून चालतो?" कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या पॅटर्न शॉपमध्ये (तिथे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनतात) तो कोपऱ्यात उभा असतो, तेव्हा गोल्फ कधी न पाहिलेला आमचा मिस्त्रीसुद्धा म्हणतो, "मालक, ह्यो दांडका बदला की आता." पुतण्याने तर दोनदा वाढदिवसाला नवा ड्रायव्हर घेऊन देण्याची तयारी दाखवली. मी दर वेळी हसून विषय टाळत आलो. मात्र प्रश्न विचारणाऱ्यांत हल्ली नव्याने खेळू लागलेले तरुणही असतात आणि आपण जुना ड्रायव्हर घ्यावा की नाही, हे त्यांना खरोखरच ठरवायचे असते, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

माझा ड्रायव्हर म्हणजे कॅलवे कंपनीचा ग्रेट बिग बर्था, 1995 साली बाजारात आलेला, टायटेनियमचा, 250 घनसेंटिमीटर आकाराचा. मी तो 2002 मध्ये बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून वापरलेला म्हणूनच घेतला होता. त्याच्या आधीचा 1991 चा बिग बर्था पोलादी होता आणि त्याचे डोके 190 घनसेंटिमीटरचे होते. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे नाव मिरवणारा तो दांडा त्या काळी अवाढव्य वाटत असे. आज दुकानात मिळणारे बहुतेक ड्रायव्हर 460 घनसेंटिमीटरचे, म्हणजे त्या 'अवाढव्य' दांड्याच्या जवळजवळ अडीचपट असतात.

आकार का वाढला, हे ओतकामाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन लाकडी दांड्यांच्या काळापासून आजपर्यंत 200 ग्रॅमच्या आसपासच राहिले आहे, कारण त्याहून जड डोके माणसाला वेगाने फिरवता येत नाही. पोलादाचे 200 ग्रॅम म्हणजे साधारण 26 घनसेंटिमीटर धातू, तर टायटेनियमचे तेवढेच वजन म्हणजे 45 घनसेंटिमीटर. तेवढ्याच वजनात जवळजवळ पावणेदोनपट धातू हाताशी आला, की पोकळ कवच मोठे करता येते आणि मोठ्या कवचात धातू मध्यापासून दूर, कडेला नेता येतो. आमच्या भागात पिढ्यान्पिढ्या ऑईल इंजिनाची फ्लायव्हील ओतली गेली. त्यात वजन तुंब्यात न ठेवता कडेच्या रिंगमध्ये का ठेवतात, हे येथील शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. ड्रायव्हरचेही तसेच आहे. कडेला वजन असलेले डोके चेंडू त्याच्या टोकाला किंवा टाचेकडे (दांडा जोडलेल्या बाजूला) लागला तरी सहज पिळवटत नाही, त्यामुळे चुकलेल्या फटक्यालाही बऱ्यापैकी लांबी मिळते. (टायटेनियम ओतणे मात्र आमच्या वाळूच्या साच्यांचे काम नव्हे. ते 1,668 अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेल्या अवस्थेत हवेतला प्राणवायू असा काही ओढून घेते, की ओतकाम निर्वात भट्टीत करावे लागते. हे डोके पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा रनर, म्हणजे वितळलेला धातू साच्यात नेणारी वाट, कुठून दिला असेल, हेच मी आधी शोधत बसलो होतो.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ड्रायव्हर जुना आहे, असे आपण म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो, आणि मला विचारला जाणारा प्रश्न बहुधा याच गोंधळातून येतो. गोल्फचे नियम करणाऱ्या अमेरिकेतल्या युएसजीए आणि ब्रिटनमधल्या आर अँड ए या दोन संस्थांनी ड्रायव्हरला तीन बाजूंनी कुंपण घातले आहे. डोक्याचा आकार 460 घनसेंटिमीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. फेसची, म्हणजे डोक्याच्या चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूची, उसळी ठरावीक मर्यादेत ठेवायची. ती मोजताना एक लहान लंबक फेसवर आदळवतात आणि तो किती काळ टेकून राहतो ते पाहतात. मर्यादा 239 मायक्रोसेकंद, वर 18 ची सूट. तिसरी मर्यादा डोके पिळवटण्याला किती विरोध करते, यावर आहे. आकाराची मर्यादा 2004 पासून आहे, आणि उसळीची मर्यादा आर अँड एच्या अखत्यारीत, म्हणजे आपल्याकडेही, 1 जानेवारी 2008 पासून साध्या हौशी खेळाडूलाही लागू झाली. म्हणून 2008 किंवा 2010 चा एखादा चांगला ड्रायव्हर वयाने जुना असला, तरी तो आकाराच्या आणि उसळीच्या कुंपणाला आधीच जाऊन भिडलेला असतो. त्यानंतरची सुधारणा मुख्यतः डोके आणखी स्थिर करण्यात, चेंडू उंच आणि कमी फिरकीने सोडण्यात आणि वजने किंवा कोन बदलण्याच्या सोयींत झाली आहे. माझा 1995 चा ड्रायव्हर कुंपण घातले जाण्यापूर्वीचा आणि कुंपणापासून बराच आत उभा असलेला आहे. दोघांनाही 'जुना' म्हटले, तर घेणाऱ्याची फसगत ठरलेली.

याच कारणासाठी तिसराही एक प्रकार सांगायला हवा. आमच्या गटातल्या एका डॉक्टरांकडे कॅलवेचाच 2000 सालचा ईआरसी होता. तो अमेरिकेच्या नियमांत बसत नव्हता, परंतु आर अँड एच्या क्षेत्रात त्या वेळी चालत होता, आणि चेंडू त्याच्यावरून खरोखरच उडी मारल्यासारखा निघे. उसळीची मर्यादा आपल्याकडे लागू झाली, तेव्हा डॉक्टरांनी तो मुकाट्याने घरी ठेवला. जुना ड्रायव्हर स्पर्धेसाठी घेणार असाल, तर आर अँड एची मान्य ड्रायव्हरांची यादी आधी पाहा, हे मी नव्या मंडळींना या एका उदाहरणावरून सांगतो.

नव्या आणि जुन्यात नेमका फरक किती, हे मी ऐकीव माहितीवर सोडले नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका स्नेह्यांचा उसाचा लांबट पट्टा आहे. फेब्रुवारीत ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट पसरलेले असते आणि पाचटात पडलेला चेंडू पडल्या जागीच रुततो, घरंगळत नाही. हवेतले अंतर मोजायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. एका सकाळी मी माझ्या ड्रायव्हरने 20 आणि पुतण्याच्या नव्या ड्रायव्हरने 20 चेंडू आलटून पालटून मारले. दोन्ही फेसवर आमच्या साच्यांची पार्टिंग पावडर कापडाने हलकी लावली होती, म्हणजे प्रत्येक चेंडू कुठे लागला त्याचा गोल ठसा स्पष्ट उठे. ठसा मधोमध असलेले चेंडू निवडून मोजले, तेव्हा नव्याची आघाडी नऊ-दहा पावलांची निघाली. ठसा टाचेकडे किंवा टोकाकडे सरकलेले चेंडू मोजले, तेव्हा तीच आघाडी पंचवीस पावलांवर गेली. पुतण्या विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे पाहणे रास्त होते. नवा ड्रायव्हर अधिक चांगला आहे, यात मला शंका नाही. "त्या काळच्या वस्तूच वेगळ्या" असे म्हणणाऱ्यांत मला कृपया धरू नये.

मग तरीही जुना का, याचे पहिले कारण त्याच पावडरीने दाखवले. माझ्या ड्रायव्हरचे 20 पैकी 14 ठसे मध्याच्या आसपास होते, तर पुतण्याच्या ड्रायव्हरचे 8. यात माझे कौतुक काही नाही. दांड्याच्या लांबीचा हा परिणाम आहे. काही वर्षांपूर्वी माझा शाफ्ट, म्हणजे डोके जिला जोडलेले असते ती लांब काठी, बदलायची वेळ आली. या ड्रायव्हरचा शाफ्ट डोक्यात वरवर बसवलेला नसून थेट तळापर्यंत आरपार जातो, आणि हे ज्याला ठाऊक नव्हते अशा एका दुकानदाराने तो काढताना इतकी उष्णता दिली, की ग्रॅफाइटचे धागे सुटून शाफ्ट कामातून गेला. दुसरा बसवताना मी तो मुद्दाम एक इंच कमी करून 44 इंचांचा घेतला. दांडा अर्धा इंच आखूड झाला, की डोक्याकडे जाणवणारा भार (त्याच्या मोजपट्टीला स्विंगवेट म्हणतात) सुमारे तीन अंकांनी उतरतो आणि एक अंक भरून काढायला डोक्यावर सुमारे 2 ग्रॅम चढवावे लागतात. या हिशेबाने 12 ग्रॅमची शिशाची पट्टी मागच्या बाजूला चिकटवली. दिसायला ते ठिगळच आहे. परंतु आखूड दांड्याने चेंडू मध्यावर लागू लागला आणि नव्या ड्रायव्हरची पंचवीस पावलांची आघाडी मला क्वचितच सोसावी लागते. उरते ती नऊ-दहा पावलांची, आणि बासष्टाव्या वर्षी ती मला परवडते. पुढच्या फटक्याला सातच्या ऐवजी सहा नंबरचे आयर्न, म्हणजे थोडा लांब मारणारा लोखंडी दांडा, काढले, की हिशेब मिटतो.

पुतण्याचा ड्रायव्हरही आखूड करता येईल, हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल, तर तो अगदी योग्य आहे आणि माझ्यापाशी त्याला पुरेसे उत्तर नाही. मी त्याला तसे सुचवले; त्याला लांबी सोडवत नाही.

दुसरे कारण अनपेक्षित आहे आणि त्याचे श्रेय चेंडूला जाते. माझा ड्रायव्हर घडवला गेला त्या काळात चांगले खेळाडू रबरी धागा गुंडाळलेला आणि वरून बलाटा नावाच्या मऊ, रबरासारख्या पदार्थाचे आवरण असलेला चेंडू वापरत. तो ड्रायव्हरवरून भरपूर फिरकी घेऊन निघे, वर चढे आणि लांबी गमावून बसे. आजच्या भरीव गाभ्याच्या, अनेक थरांच्या चेंडूला ड्रायव्हरवरून फिरकी कमी मिळते. म्हणजे माझा दांडा तोच असला, तरी नव्या चेंडूमुळे तो आज त्याच्या तरुणपणापेक्षा लांब मारतो. एका निवृत्त प्राध्यापकांकडे अजून पर्सिमन लाकडाचा ड्रायव्हर आहे. त्यांचाही हाच अनुभव आहे. लाकडाला मात्र आमचा पावसाळा सोसत नाही. जूनमध्ये त्याचे डोके फुगते, तळपट्टीचे स्क्रू ढिले होतात आणि प्राध्यापक दसऱ्यापर्यंत त्याला कपाटात झोपवतात.

वापरलेला ड्रायव्हर घेताना काय पाहावे, हेही विचारले जाते. फेस पातळ असलेला ड्रायव्हर खूप खेळला गेला असेल, तर त्याला चीर जाऊ शकते आणि ती प्रथम डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. ओतलेल्या जॉबला हातोडीने टिचकी मारून त्याच्या नादावरून आम्ही तडा ओळखतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर बाजूला. ड्रायव्हरच्या फेसवर तशीच नखाने जागोजाग टिचकी मारा, नाद एका जागी अचानक बसका आला तर तो दांडा परत करा. डोक्यात खडखड होत असेल, तर एवढ्यात घाबरू नका; बहुतेक वेळा आतला वाळलेला डिंक सुटलेला असतो. ग्रिप कडक झाली असेल तर तिचा खर्च किमतीत धरा. आणि तुम्ही नवशिके असाल, तर माझ्यासारखा 250 घनसेंटिमीटरचा दांडा घेऊ नका. 2008 नंतरचा, 460 चा, हातात बसणारा वापरलेला ड्रायव्हर घ्या आणि उरलेल्या पैशांत चेंडू घ्या, कारण उसाच्या कडेला सराव करणाऱ्याला ते फार लागतात.

गेल्या रविवारी बेळगावला निघण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे फेसवर टिचकी मारून पाहिली. नाद खणखणीत आहे. शिशाच्या पट्टीचे एक टोक मात्र सुटू लागले आहे. मिस्त्रीने ते पाहिले, काही न बोलता कपाटातून चिकटपट्टी आणून माझ्यापुढे ठेवली आणि तो लेथकडे निघून गेला.