एक प्यादं जास्त, तरी ड्रॉ का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला बुद्धिबळाच्या क्लासमधली मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, ऑनलाइन खेळणारे मित्र तर रात्री अकराला स्क्रीनशॉट पाठवून विचारतात. दोघांकडे एकेक हत्ती उरलाय, माझ्याकडे एक पास प्यादं जास्त आहे, म्हणजे त्याला अडवायला समोरच्याचं एकही प्यादं नाही, मग जिंकायचं कसं आणि बहुतेक वेळा ड्रॉच का होतो?

माझं उत्तर ठरलेलं आहे. प्याद्याकडे बघू नका, आधी समोरचा राजा कुठे आहे ते बघा. तो प्याद्याच्या वाटेत येऊन बसला असेल तर बचाव बहुतेक होतो, आणि तुमच्या हत्तीने त्याला एका बाजूला तोडून ठेवलं असेल तर तुम्ही जिंकायच्या वाटेवर आहात. मुलांसमोर अशी पोझिशन मांडली की दहातल्या आठ जणांचा हात पहिल्यांदा प्याद्याकडेच जातो, एक घर पुढे, अजून एक घर पुढे, आणि तिथेच गेम हातातून जातो.

आधी जिंकायची बाजू, म्हणजे ल्युसेना पोझिशन, या एंडगेममधली जिंकायची ठरलेली मांडणी. ती पटावर खरोखर मांडून बघा, नुसती वाचू नका. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी पट्टी, ए ते एच, आणि आकडा म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली.) पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. चाल पांढऱ्याची. प्यादं वजीर व्हायला एकच घर राहिलंय पण त्या घरात आपलाच राजा अडकलाय, एच पट्टी काळ्या हत्तीने धरलीय आणि एफ७, एफ८ काळ्या राजाने. म्हणून आधी हत्ती ई१, शह. काळा राजा डी७ ला गेला की लगेच राजा बाहेर काढायचा मोह होतो, पण मग मागून शह सुरू होतात आणि ते चुकवत राजा लांब गेला की प्यादंच जातं. त्याऐवजी हत्ती ई४! बघताना वाटतं ही चाल कशाला, काहीच तर केलं नाही. काळा हत्ती एच१ ला जातो, आता राजा एफ७, शह, राजा जी६, शह, राजा एफ६, शह, राजा जी५, परत शह, आणि आता ई४ वरचा हत्ती सरळ जी४ वर येऊन मधे उभा राहतो, त्याला राजाचा आधार आहे, शह संपले, वजीर होणारच. याला पूल बांधणं म्हणतात आणि मला अजूनही ही पोझिशन शिकवताना तेवढाच आनंद होतो. (ल्युसेना हा स्पॅनिश लेखक, त्याचं पुस्तक १४९७ चं, पण त्यात ही पोझिशन नाहीच, ती साल्व्हिओ या इटालियन लेखकाच्या १६३४ च्या पुस्तकात सापडते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.)

आता उलट बाजू, म्हणजे तुमचा ड्रॉ का होतो ते. फिलिडोरचा बचाव, म्हणजे प्यादं कमी असलेल्याने ड्रॉ वाचवायची ठरलेली पद्धत. समजा पांढरा राजा डी५, प्यादं ई५, काळा राजा ई८ वर समोरच. काळा आपला हत्ती सहाव्या रांगेत ठेवतो, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि नुसता डावी-उजवीकडे सरकवत थांबतो. पांढरा कंटाळून प्यादं ई६ ला ढकलतो, त्या क्षणी काळा हत्ती थेट पहिल्या रांगेत जाऊन मागून शह द्यायला लागतो. पांढऱ्या राजाला लपायला जागा होती ती ई६ च, आणि तिथे आता त्याचंच प्यादं उभं आहे. म्हणून म्हणतो, ढकलायची घाई नको.

हत्ती ठेवायचा कुठे, तर शक्यतो पास प्याद्याच्या मागे. प्यादं पुढे सरकेल तशी मागच्या हत्तीला जागा वाढत जाते आणि पुढे अडवून बसलेल्याची कमी होत जाते. याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे १९२७ च्या ब्वेनोस आयरेसमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा ३४ वा, शेवटचा गेम. आव्हान देणाऱ्या आलेखाइनचं ए पट्टीवर पास प्यादं, त्याचा हत्ती मागे, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांकाचा हत्ती पुढे अडकलेला. आलेखाइनने प्यादं घाईने पळवलं नाही, ते तिथेच ठेवून राजा पार दुसऱ्या बाजूला नेला, कारण समोरचा हत्ती जागचा हलू शकत नव्हता! कापाब्लांकासारख्या माणसाला त्यावर उत्तर सापडलं नाही, गेम तहकूब झाला आणि त्याने चिठ्ठी पाठवून हार मान्य केली.

ए आणि एच पट्टीचं प्यादं एकटंच उरलं असेल तर मात्र सांभाळून, तिथे राजाला कोपऱ्यातून बाहेर पडायला एकच बाजू असते, त्यामुळे वरचा पूल तसाच्या तसा चालत नाही आणि बरेच गेम ड्रॉ होतात.

इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, विचारायचं का, असंही विचारता. पाच मोहऱ्यांच्या अशा पोझिशन्सचं उत्तर कॉम्प्युटरकडे पूर्ण आणि पक्कं आहे, पण ते निकाल आणि चाली सांगतं, का ते सांगत नाही. आधी स्वतः दोन्ही बाजूंनी खेळा, मग तपासा. आणि पुढच्या वेळी मला स्क्रीनशॉट पाठवाल तेव्हा चाल कोणाची आहे ते तेवढं लिहा, हत्तीच्या एंडगेममध्ये एका चालीने जिंकलेलं ड्रॉ होतं, त्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही.