जातं फिरतं, पीठ पडत नाही: माझ्या पीएचडीचा अनुभव

मे महिन्यात नागपुरात ईईजीचं (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याचं) रेकॉर्डिंग ठेवायचं नसतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. घाम आला की इलेक्ट्रोडखालचा संपर्क बदलतो आणि आलेख संथपणे वरखाली होऊ लागतो. कूलर लावावा, तर ५० हर्ट्झची विजेची गुणगुण रेषेत उतरते. शेवटी अभ्यासात भाग घेणाऱ्या सगळ्यांना सकाळी सातच्या वेळा दिल्या. आदल्या दिवशी फोन करून सांगायची, केस शाम्पूने धुऊन या, तेल नका लावू. कुठे जायचं म्हटलं की आपल्याकडच्या बाया आधी तेल लावून वेणी घालतात, आणि तेलकट केसांत इलेक्ट्रोड नीट बसत नाही.

माझा विषय होता मनात परतपरत येणारे नकारात्मक विचार. तो घरातून आला. बाबा गेल्यावर दोन वर्षं आई एकच वाक्य बोलायची, ‘त्या रात्रीच दवाखान्यात नेलं असतं तर...’ जेवायची, झोपायची, शेजारी जायची, पण फिरून त्या वाक्यापाशी यायची. पुढे मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांचं काम वाचताना मला आई आठवली. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये भूकंप झाला, त्याच्या काही दिवस आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती योगायोगाने नोंदवून ठेवलेली होती. ज्यांना आधीपासूनच दुःख उगाळायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. आधीची उदासी हिशेबात धरूनही.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, मी ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ घातलं होतं. आपण काही करत नसतानाही मेंदूचे ठरावीक भाग मिळून काम करत असतात, हे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ मध्ये मांडलं. स्वतःबद्दलच्या विचारांशी या भागांचा संबंध लावला जातो. पण ते नीट पाहायला एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे कोणते भाग काम करताहेत ते दाखवणारं स्कॅन, लागतो, आणि जिथे विचारलं तिथे मशीन रुग्णांनाच पुरत नव्हतं. संशोधन सल्लागार समितीतल्या एका सरांनी विचारलं, ‘‘मग ईईजीत तुम्हाला इतक्या आतलं दिसणार कसं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ईईजी डोक्याच्या त्वचेवरून मोजतो. जागा धूसर कळते, वेळ मात्र मिलिसेकंदांत कळते.

सहा महिन्यांचं लिखाण बाजूला ठेवलं आणि प्रश्नच बदलला. विचार कुठे उठतो ते सोडून, नकारात्मक शब्द मेंदू किती वेळ धरून ठेवतो ते पाहायचं. भावनेला भिडणारं काही दिसलं की साधारण ३०० ते ४०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक धन (पॉझिटिव्ह) लाट सुरू होते आणि लक्ष तिथे खिळलेलं असेल तर रेंगाळते. ती मोजायची. नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगते, हाताशी असलेल्या मशीनला विचारता येईल असा प्रश्न घ्या.

नैतिकता समितीने अर्ज परत पाठवला. नैराश्याच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल एक प्रश्न असतो. त्याला कुणी ‘हो’ लिहिलं तर त्याच दिवशी तुम्ही काय करणार, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी चिडले होते. आज तो शेरा मला सगळ्या कागदपत्रांत मोलाचा वाटतो. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येईल अशी सोय केली आणि माहितीपत्रकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापला.

सगळ्यात जास्त वेळ भाषेने घेतला. परतपरत येणारे नकारात्मक विचार मोजणारी, थॉमस एहरिंग आणि सहकाऱ्यांची २०११ ची पंधरा वाक्यांची प्रश्नावली मराठीत आणायची होती. पहिला अनुवाद शुद्ध होता, तो परत इंग्रजीत केला तरी अर्थ नेमका जुळला. पण ‘पुनरावृत्ती’ आणि ‘अनैच्छिक’ वाचून बाया माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मग एकेक वाक्य वाचून दाखवलं आणि यातून तुम्हाला काय समजलं, असं विचारत बसले. इतवारीकडच्या एक काकू कागद खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘माह्या डोक्यात जातं फिरतच रायते माय, पीठ काही पडत नाही.’’ तेच ते येतं, न बोलावता येतं, थांबत नाही, हाती काही लागत नाही. प्रश्नावलीला जे मोजायचं होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. ते वाक्य प्रश्नावलीत घेता आलं नाही, कारण तरुण मुलींपैकी काहींनी जातं पाहिलेलं नव्हतं. पण ‘पुनरावृत्ती’च्या जागी ‘तेच ते विचार’ आलं, ‘अनैच्छिक’च्या जागी ‘नको असताना’.

त्या काकू रेकॉर्डिंगलाही आल्या. केसांतली जेल धुऊन टॉवेलने डोकं पुसता पुसता त्यांनी विचारलं, ‘‘दिसलं का व माहं जातं?’’ मी सांगितलं, एका माणसाच्या लाटेवरून काही बोलता येत नाही, खूप जणींची, खूप शब्दांची सरासरी काढावी लागते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘‘मंग माह्या एकटीचंच नाही म्हना हे.’’

त्यांचं बोलणं त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. प्रबंध जमा झाला आहे, तोंडी परीक्षेची तारीख अजून आलेली नाही. म्हणून निकाल इथे लिहीत नाही.