अपुऱ्या दिवसांची पिल्लं

मांजरीचे दिवस भरायला साधारण ६३ ते ६७ दिवस लागतात. आमची चिंगी डॉक्टरांच्या अंदाजाने चार-पाच दिवस आधीच व्याली, तेही निफाडच्या डिसेंबरात, ऐन कडाक्याच्या थंडीत. पूर्ण दिवसांचं पिल्लू जन्मतः ९० ते ११० ग्रॅम भरतं. ही तिन्ही पिल्लं सत्तरीच्या आसपास. अंगावर लव जेमतेम, पोट आणि पंजे उघडे, गुलाबी. चिंगी पहिलटकरीण. ती त्यांना चाटेना की जवळ घेईना.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाज." आमच्याकडे पूर्वीपासून असंच करत आलेत. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून बघा. आतून गार लागतंय?" लागत होतं. "मग दूध नाही. आधी ऊब."

ही एक गोष्ट मला सगळ्यांना कळकळीने सांगायची आहे. इतक्या लहान पिल्लाला कुडकुडताही येत नाही, अंगातली ऊब ते स्वतः धरू शकत नाही. अंग ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडं थंडावतं, पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं नाहीतर फुफ्फुसात उतरतं. पिल्लू ओरडतंय म्हणजे भुकेलंय असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते गारठलेलं असतं.

ऊबही हळूहळू द्यायची, तास-दोन तास घेऊन. मी त्यांना सुती ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं. मग खोक्यात गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात लपेटून एका बाजूला ठेवली आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्याने बल्बवर विसंबण्यात अर्थ नव्हता. खोक्यात साधारण ३० अंश राखायचे आणि हवा कोरडी पडू द्यायची नाही, म्हणून कडेला ओला रुमाल टांगला.

तोंड आतून कोमट लागल्यावरच दूध. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, वर साखर जास्त. त्याने जुलाब होतात, आणि पाणी घातलं की ते आणखीच निकस होतं. मिस्टरांनी नाशिकहून पिल्लांसाठीची दूध पावडर आणली. ७० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात जवळपास १८ मिली लागतं, म्हणजे दर दोन तासांनी दीड मिली, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथंच ठेवायचं, आईला लुचताना असतं तसं. उताणं कधीच नाही. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब-थेंब सोडायचा, तोही ते स्वतः चोखत असेल तरच.

सर्वांत लहान पिल्लाला चोखताच येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला नळीने दूध दिलं, पण त्याचा श्वास पहिल्यापासून अडखळत होता. दिवस भरले नसले की फुफ्फुसं पुरती तयार नसतात. ते वाचलं नाही. मी त्या रात्री खूप रडले, आणि दोन तासांनी उरलेल्या दोघांसाठी पुन्हा दूध कालवलं.

पाजण्याइतकंच शी-शू करवणं महत्त्वाचं. ते त्यांना आपलं आपण होत नाही, आई चाटते तेव्हाच होतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शी-शूच्या जागी हलक्या हाताने फिरवायचा, प्रत्येक वेळी. आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. वजन घटलं तर उद्यावर ढकलायचं नाही.

आमच्या दोघांची शंभरी पार झाली, तोवर चिंगीही खोक्यात येऊन बसू लागली होती. दूध तिला फारसं नव्हतं, पण चाटण्याचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं.

तुमच्याकडे अशी पिल्लं आली तर त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नेताना खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, दवाखाना कितीही जवळ असला तरी.